रस्त्यावरून डोंगरात: पहिल्या ५० किमी ट्रेल अल्ट्राच्या तयारीचं एक प्रकरण

धाविका ३७ वर्षांची, पुण्यात धायरीला राहणारी, बँकेत नोकरी, वजन ६२ किलो. चार वर्षांत रस्त्यावरच्या पाच हाफ मॅरेथॉन आणि एक पूर्ण मॅरेथॉन, तीही ४ तास ४० मिनिटांत. आठवड्याचा सराव ३५ ते ४० किमी, सगळा डांबरावर. सिंहगड वर्षातून दोन-तीनदा, तोही कुटुंबाबरोबर चालत. लक्ष्य होतं पहिली अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांबची शर्यत: डिसेंबरमधली सिंहगड-राजगड-तोरणा या ट्रेकर्सच्या जुन्या वाटेवरची, वेल्ह्याला उतरणारी शर्यत. नियोजनासाठी अंतर ५० किमी, एकूण चढ २,३०० मीटर आणि वेळमर्यादा १२ तास धरली. हातात २० आठवडे होते, म्हणजे सुरुवात भर पावसात.

पहिला हिशोब वेळेचा

तिचा स्वतःचा अंदाज सात तासांचा होता. मॅरेथॉनचा वेग ६:४० प्रति किमी, थोडा कमी करून ८ मिनिटं धरली की ५० किमीला ६ तास ४० मिनिटं. रस्त्यावरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच हिशोब करतो, आणि इथेच पुढची सगळी गणितं चुकतात: पाणी, खाणं, टॉर्चची बॅटरी, कटऑफ (वेळमर्यादा), सगळं.

डोंगरी शर्यती मोजायला आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना एक सोपं सूत्र वापरते: अंतराच्या किलोमीटरमध्ये चढाच्या दर १०० मीटरमागे एक किलोमीटर मिळवायचा. ५० किमी आणि २,३०० मीटर म्हणजे ७३ ‘श्रम-किलोमीटर’. मग तिला आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढून परत उतरायला सांगितलं, आरामात, बोलता येईल इतक्याच दमाने. तिच्या घड्याळावर जाऊन-येऊन ५.६ किमी आणि चढ ५८० मीटर, म्हणजे ११.४ श्रम-किमी. वेळ १०२ मिनिटं. दर श्रम-किमीला ९ मिनिटं. ७३ गुणिले ९ म्हणजे ६५७ मिनिटं, जवळपास ११ तास. थांब्यांची २५ मिनिटं मिळवली की ११ तास २० मिनिटं. बारा तासांच्या मर्यादेत मोकळीक ४० मिनिटांची.

या एका आकड्याने योजना बदलली. सात तासांची शर्यत वेगाने जिंकता येते. अकरा तासांची शर्यत उतारावर मांड्या आणि दुपारी पोट शाबूत ठेवणाऱ्याची असते. त्यामुळे आठवड्याचं लक्ष्य किलोमीटरमध्ये लिहिणं बंद केलं. डायरीत तीन रकाने ठेवले: तास, चढलेले मीटर, उतरलेले मीटर. चढ आणि उतार वेगळे का, ते पुढे गुडघ्याच्या वेळी कळेल.

रक्त तपासणी आणि पावसाळा

सुरुवातीलाच रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.८ आलं. स्त्रियांसाठी १२ च्या खालचं हिमोग्लोबिन म्हणजे अॅनिमिया, आणि अशा अवस्थेत डोंगरातला सराव वाढवला की धावक ‘आपला दमच कमी’ असं समजून आणखी जोर लावतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीच्या तासभर आधी आणि नंतर चहा नाही, गोळीबरोबर लिंबू. आठ आठवड्यांनी आकडा १२.३ वर आला. चढावरचा तिचा वेग त्या काळात जो सुधारला, त्यातला किती सरावाचा आणि किती लोहाचा, हे सांगता येणार नाही. आमच्या मते लोहाचा वाटा मोठा.

पहिले सहा आठवडे साधे होते. मंगळवार-गुरुवार सकाळी ५० ते ७० मिनिटं सोपं धावणं, त्यातला एक दिवस वेताळ टेकडी किंवा तळजाईच्या चढांवर. बुधवारी ताकदीचे व्यायाम. शनिवारी दोन ते तीन तास डोंगर, रविवारी तासभर मोकळं चालणं. तीन आठवडे चढवायचे, चौथा हलका.

पावसात सह्याद्रीचा कातळ शेवाळतो आणि त्यावर कुठल्याही बुटाची पकड पुरत नाही. म्हणून नियम ठरला: पावसात चढ हवा तेवढा, उतार फक्त मातीच्या वाटेवर, आणि धावून नाही. चिखलातल्या चालण्याचा फायदाही होतो. घोट्याभोवतीचे बारीक स्नायू डांबरावर फारसे कामाला लागत नाहीत, ते इथे लागतात.

सातवा आठवडा: गुडघा

पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात पाऊस थोडा उघडला आणि तिने शनिवारी एकाच सकाळी सिंहगड दोनदा केला, पुढच्या शनिवारी तीनदा. आठवड्याचा उतार ६५० मीटरवरून १,७५० वर गेला. सातव्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ सुरू झाली. लक्षणं ठरलेली होती: चढताना काही नाही, सपाटीवर पहिली वीस मिनिटं काही नाही, उतारावर पाच मिनिटांत सुरीसारखी टोचणी, थांबलं की कमी. मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणाऱ्या पट्ट्याची, म्हणजे आयटी बँडची ही तक्रार. फिजिओथेरपिस्टनेही तपासून तेच सांगितलं.

कारणं दोन. एक, उताराचा डोस दोन आठवड्यांत जवळजवळ तिप्पट झाला. दुसरं, उतरण्याची पद्धत. दगडी पायऱ्यांवर ती लांब टांग टाकून टाचेवर उतरत होती, प्रत्येक पावलाला ब्रेक. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. या प्रकारच्या कामाने स्नायूचे तंतू जास्त फाटतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. चढाने दम लागतो, म्हणून तो मोजावासा वाटतो. उताराने दम लागत नाही, म्हणून तो कुणी मोजत नाही.

उपाय म्हणून सराव थांबवला नाही, फक्त उतार काढून टाकला. दहा दिवस ती आतकरवाडीहून गड चढायची आणि गाडीरस्त्याने शेअर जीपने खाली यायची. पुण्याच्या धावकांना ही सोय आयती आहे आणि फार थोडे जण ती वापरतात. जोडीला रोज १५ मिनिटं: कुशीवर पडून वरचा पाय उचलणं (१५ चे तीन संच), एका पायावर अर्धी बैठक (१० चे तीन), आणि २० सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायाने तीन सेकंदांत हळू उतरणं (१२ चे तीन). शेवटचा व्यायाम सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी.

नवव्या आठवड्यात उतार ३०० मीटरपासून पुन्हा सुरू केला आणि आठवड्याला चौथा हिस्सा वाढवत नेला. पद्धत बदलली: पावलं छोटी, मिनिटाला १७० च्या पुढे, गुडघा कायम किंचित वाकलेला, नजर पायापाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे, हात बाजूला मोकळे. घसाऱ्यावर मागे झुकलं की पाय सटकतो, वजन पुढच्या पायावर ठेवलं की टिकतो. हे शब्दांत उलटं वाटतं, म्हणून ते आधी कोरड्या मुरुमाच्या छोट्या उतारावर वीस-वीस पावलांचं करून घेतलं.

उताराच्या सरावाची एक चांगली बाजू आहे. मांड्यांना एकदा मोठ्या उताराची झळ बसली की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तितकं नुकसान होत नाही. म्हणून शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी ठेवला. त्याहून जवळ आणला तर दुखणं घेऊन उभं राहावं लागतं, फार आधी केला तर कवच उतरायला लागतं.

तेरावा आठवडा: पोट

ऑक्टोबरची उष्णता सुरू होती. सहा तासांचा सराव, सकाळी सातला सुरू. चौथ्या तासाला मळमळ, पाचव्या तासाला उलटी, पाणीही पोटात राहीना. तिच्या नोंदीत कारण स्पष्ट दिसत होतं: पहिली ९० मिनिटं काही खाल्लं नाही कारण भूक नव्हती, मग भीती वाटून ४० मिनिटांत तीन जेल (धावकांसाठीचा पुडीतला घट्ट गोड पाक), वर घट्ट मिसळलेलं एनर्जी ड्रिंक. म्हणजे पाऊण तासाच्या आत शंभर ग्रॅमच्या आसपास साखर, आणि उन्हात पोटाचा रक्तपुरवठा आधीच त्वचेकडे आणि पायांकडे वळलेला. नुसत्या ग्लुकोजचा विचार केला तर आतडं तासाला साठेक ग्रॅमच शोषू शकतं. उरलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि पुढचं ठरलेलं असतं.

नवीन नियम: पहिला घास तिसाव्या मिनिटाला, मग दर २०-२५ मिनिटांनी छोटा घास, भूक असो-नसो. सुरुवात तासाला ४० ग्रॅम कार्बोहायड्रेटपासून, दोन आठवड्यांनी पाच-पाच ग्रॅम वाढवत ५० वर थांबायचं. पोटालाही सराव लागतो. पदार्थ घरातले ठरवले, कारण सहा तासांनंतर गोड जेल घशाखाली उतरत नाही हे तिला कळून चुकलं होतं. एका तासाचा नमुना असा:

अर्धा लिटर पाण्यात सहा चमचे साखर (साधारण ३० ग्रॅम), एका लिंबाचा रस आणि पाव चमच्याला थोडं कमी मीठ (१ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम). सोबत मीठ लावलेला उकडलेला बटाटा, १०० ग्रॅम. त्यातून आणखी १७ ते २० ग्रॅम. बटाट्याचा कंटाळा आला की केळं किंवा शेंगदाणा चिक्कीचा तुकडा. चिक्की पहिल्या चार तासांतच, नंतर दाण्यातली चरबी जड जाते. राजगिऱ्याचा लाडू कोरडा असल्याने चढावर घशात भुकटी उडते, तो फक्त थांब्यावर बसून. वडापाव, मिसळ, भजी वाटेत कितीही मोह झाला तरी वेल्ह्यानंतर.

पाण्याचं प्रमाण वजनकाट्याने ठरवलं. ऑक्टोबरच्या दुपारी तासभर धावण्याआधी वजन ६२.४, नंतर ६१.६, मधे ३०० मिलिलिटर पाणी. म्हणजे तासाला १.१ लिटर घाम. डिसेंबरच्या पहाटे तोच आकडा ०.६ आला. त्यावरून सकाळी तासाला ४५०, दुपारी तासाला ७०० मिलिलिटर पाणी ठरलं. घामाइतकं सगळं भरून काढायचा प्रयत्न मुद्दाम टाळला. अकरा तासांत दोन टक्के वजन कमी होणं चालतं. उलट वजन वाढत असेल, बोटं सुजत असतील, डोकं दुखत असेल तर पाणी जास्त आणि रक्तातलं सोडियम कमी झाल्याची शंका घ्यायची. ही अवस्था तहानेपेक्षा धोकादायक असते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे वेदनाशामकं शर्यतीत पूर्ण बंद, कारण पाणी कमी असलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणतात.

मोठे आठवडे

चौदाव्या ते सोळाव्या आठवड्यात सराव सगळ्यात जड होता: आठवड्याला साडेनऊ तास आणि १,९०० मीटर चढ. शनिवारी पाच तास, रविवारी थकलेल्या पायांवर अडीच तास. धावण्यासाठी जागा तीनच वापरल्या, पण प्रत्येकीचं काम वेगळं होतं.

सिंहगड चढ-उताराच्या संख्येसाठी. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग रात्रीच्या सरावासाठी: एकामागून एक टेकड्या, प्रत्येकीचा उतार घसाऱ्याचा आणि अंधारात वाट फुटते तिथे नेमकी चुकते. लोक ही वाट पौर्णिमेला करतात. तिला अमावस्येच्या जवळची रात्र दिली, दोघींच्या सोबतीने, कारण शर्यतीत चंद्रावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे कळलं की तिचा टॉर्च तीन तासांत मंदावतो. कपाळावरचा २५० ल्युमेनचा टॉर्च आणि एक जादा बॅटरी तेव्हापासून पक्की झाली.

तिसरी जागा राजगड-तोरणा. गुंजवण्यातून राजगड, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर, मग धारेने बुधला माची, तोरणा आणि वेल्हे. शर्यतीचा अवघड अर्धा हाच, म्हणून सोळाव्या आठवड्यात तो पूर्ण केला. साडेसात तास लागले आणि तयारीतला सगळ्यात लांब दिवस हाच ठेवला. चाळीस किमीचा सराव पहिल्या अल्ट्राआधी करू नये असं आमचं ठाम मत आहे. त्यातून मिळणारा आत्मविश्वास खरा असतो, पण त्याची किंमत पुढच्या दोन आठवड्यांत वसूल होते. त्या दिवशी तीन गोष्टी टिपल्या. धारेवर पिण्याचं पाणी नाही. बुधल्याजवळच्या कातळटप्प्यांवर दोन्ही हात लागतात, म्हणून ट्रेकिंग पोल झटपट घडी होणारे आणि पाठीवर अडकवता येणारेच हवेत. आणि वाळलेल्या गवतातली कुसळं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ती मोज्यातून आरपार जाऊन घोट्याला टोचत राहतात, काढायला दर वेळी पाच मिनिटं जातात. पातळ कापडी गेटरने (बुटाचं तोंड आणि घोटा झाकणाऱ्या पट्ट्याने) प्रश्न सुटला. परफ्यूम आणि सुगंधी क्रीम गडांवर वर्ज्य: आग्या मोहोळं कड्याकपारीत असतात आणि ती चेष्टा सहन करत नाहीत.

बूट अर्ध्या नंबराने मोठे घेतले, तळाचे खुंट ४ ते ५ मिलिमीटरचे. उतारावर पाऊल पुढे सरकून नखं काळी पडू नयेत म्हणून लेस सगळ्यात वरच्या जादा भोकातून ओवून टाच आवळली. नखं शर्यतीच्या चार दिवस आधी कापली, आदल्या रात्री नाही.

अठराव्या आठवड्यापासून सराव उतरता: आधी ६५ टक्के, मग निम्मा, शेवटच्या आठवड्यात तीनदा अर्धा तास. या काळात पाय जड वाटतात, जुनी दुखणी डोकं वर काढतात. तिने दोनदा फोन करून ‘एक सिंहगड मारून येऊ का’ विचारलं. दोन्ही वेळा नाही.

शर्यतीचा दिवस

योजना आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी ठेवली तर असं दिसतं. सिंहगड माथा: योजना १:५०, प्रत्यक्ष १:३६. कल्याण दरवाजाने उतरून गावांमधून राजगडाचा पायथा: ५:१५ आणि ५:१०. राजगड: ६:३० आणि ६:३५. तोरणा: ९:४५ आणि १०:१५. वेल्हे: ११:२० आणि ११:३९.

पहिल्या चढावर चौदा मिनिटं लवकर पोचणं ही कमाई नव्हती. पहाटेचा गारवा, गर्दी, पुढच्याच्या टाचा. हृदयाचे ठोके १७२ वर गेले होते, ठरवलेली मर्यादा १५० ची. पुढच्या टप्प्यात, जिथे गावांमधून खरंच धावता येतं, तिथे ती मिनिटं परत गेली. थांब्यांवर २५ ऐवजी ४७ मिनिटं गेली. सर्वांत जास्त वेळ राजगडाच्या पायथ्याशी, बूट काढून खडे झटकण्यात आणि कुणीतरी दिलेला चहा पिण्यात.

खरं नुकसान धारेवर झालं. तिच्याकडे दोन लिटरची जागा होती: अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या आणि पाठीवर एक लिटरची पिशवी. राजगडावरून निघताना वजन नको म्हणून पिशवी अर्धीच भरली. दुपार, सावली नाही, तासाला ७०० मिलिलिटर या हिशोबाने दीड लिटर दोन तासांच्या थोडं पुढेच संपणार होतं, आणि तसंच झालं. सव्वातीन तासांचा टप्पा ३ तास ४० मिनिटांचा झाला. कोरड्या तोंडाने बटाटाही खाता येईना, म्हणजे पाणी संपलं की खाणंही थांबतं. शेवटचा पाऊण तास ती फक्त चालली. हे चालणं योग्यच होतं. बुधल्याच्या कातळावर गरगरत धावण्यापेक्षा अर्धा तास गेलेला परवडतो.

तोरण्यावर पाणी पिऊन, दहा मिनिटं बसून ती बिनी दरवाजाने उतरली. या उताराला योजनेत १ तास ३५ मिनिटं होती, लागली १ तास २४. दहा तासांनंतर, कुणीही दांडक्यासारख्या ताठ पायांनी उतरतं त्या ठिकाणी. गुडघ्याची तक्रार आली नाही. शेवटचं वजन ६१ किलो, सकाळी ६२.२ होतं. डाव्या टाचेला एक फोड, नखं सगळी जागेवर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखल्या, चौथ्या दिवशी नाही. दहा दिवस धावणं बंद ठेवलं, फक्त चालणं आणि झोप. तिसऱ्या आठवड्यात सपाटीवर ४० मिनिटांपासून सुरुवात केली. पुढच्या योजनेत दोनच बदल लिहून ठेवले आहेत. पहिल्या चढावर घड्याळाने १५० ठोक्यांना गजर द्यायचा आणि गजर वाजला की चालायचं, मागचे पुढे गेले तरी. आणि पाण्याशिवायच्या टप्प्याआधी पिशवी गच्च भरायची, भरल्यावर मोजायची: टप्प्याचे तास गुणिले ७०० मिलिलिटर, वर एक पेला जादा.